विश्लेषण : सेमी इंग्रजीत विज्ञानाच्या शिक्षकालाच इंग्रजी शिकवावी लागते, त्याच्या मदतीला कोण?

जूनमध्ये आठवीचे वर्ग सुरू झाले, की राज्यातील अनेक मराठी शाळांत एक मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडतो. काल-परवापर्यंत ‘घर्षण’ आणि ‘वस्तुमान’ म्हणणारी मुले ‘फ्रिक्शन’ आणि ‘मास’ लिहू लागतात. पुस्तकाची भाषा बदलते, प्रश्नपत्रिकेची बदलते, उत्तराचीही बदलते. अनेकदा शिकवणारे शिक्षक मात्र तेच असतात. परक्या भाषेतून विषय कसा शिकवायचा, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. सेमी इंग्रजीवरील चर्चा बहुतेक वेळा माध्यमाच्या वादात अडकते. या वादात सर्वात मोठा भार उचलणारे विज्ञान आणि गणिताचे शिक्षक मागे राहतात.

सेमी इंग्रजी म्हणजे नेमके काय?

शाळा मराठी माध्यमाची; पण गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून, अशी ही रचना आहे. काही शाळांत ती पाचवीपासून किंवा त्याही आधी सुरू होते, काही ठिकाणी आठवीपासून. खरा कस लागतो तो माध्यमिक वर्गांत. कारण तेथे आशय अवघड होतो आणि उत्तरे लांब लिहावी लागतात.

दहावीच्या परीक्षेचे गणित पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. गणित भाग १ आणि २, तसेच विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि २ असे प्रत्येकी ४० गुणांचे चार लेखी पेपर असतात. म्हणजे १६० गुण. इंग्रजी विषयाचा लेखी पेपर ८० गुणांचा. याचा अर्थ, सेमीचा विद्यार्थी इंग्रजी विषयाच्या दुप्पट गुणांची परीक्षा इंग्रजीतून देतो आणि त्या इंग्रजीची तयारी इंग्रजीचे नव्हे, तर विज्ञान-गणिताचे शिक्षक करून घेतात.

पालकांचा हिशेब समजण्यासारखा आहे. अकरावी विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यकीय असे पुढचे बहुतेक शिक्षण इंग्रजीतून होते. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेचे शुल्क प्रत्येकाला झेपत नाही. मराठी शाळेला पट टिकवायचा असतो. तिघांच्या गरजेतून सेमीचा पर्याय रुजला.

इंग्रजी पहिलीपासून आहेच, मग अडचण कुठे?

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. त्यामुळे आठवीपर्यंत मुलांना पुरेसे इंग्रजी आलेले असते, असे गृहीत धरले जाते. पण इंग्रजीच्या तासाचे इंग्रजी वेगळे आणि विज्ञानाच्या पुस्तकाचे वेगळे.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील फरक मांडला. स्थलांतरित मुलांना रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत जमते. पण वर्गातील इतर मुलांच्या बरोबरीने अभ्यासाची भाषा वापरायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. ही मुले चोवीस तास इंग्रजीच्या वातावरणात होती. गावातल्या आठवीच्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर किती इंग्रजी पडते, याचा विचार केला तर अंतर लक्षात येते.

ही अडचण केवळ लांबलचक शब्दांची नाही. ‘फोटोसिंथेसिस’ अवघड वाटतो. पण तो शब्द शिक्षक फळ्यावर लिहितात, त्याचा अर्थ सांगतात. मुले अडतात ती लहान शब्दांवर. किंमत ‘इन्क्रीज्ड बाय २०’ म्हणजे २० ने वाढली आणि ‘इन्क्रीज्ड टू २०’ म्हणजे २० पर्यंत वाढली. ‘बाय’ आणि ‘टू’ यांत गल्लत झाली की येणारे गणितही चुकते. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ वाचून मुले सरळ ‘५ उणे एक्स’ मांडतात, कारण इंग्रजीत पाच आधी येतात. मराठीत ‘एक्सपेक्षा ५ ने कमी’ म्हटले, की मांडणी आपोआप ‘एक्स उणे ५’ अशी बरोबर येते.

ओळखीच्या शब्दांचे विज्ञानातले अर्थही वेगळे असतात. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातली वस्तू. गणितात तो गुणाकार. भिंत ढकलून घाम निघाला तरी भिंत हलली नाही तर विज्ञानाच्या भाषेत ‘वर्क’ शून्य. मराठीत ‘काम’ आणि ‘कार्य’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच. हा फरक शिक्षकाने उलगडून दाखवला नाही, तर मुले व्याख्या पाठ करतात आणि गोंधळ तसाच राहतो.

विद्यार्थ्याला येत नाही, की सांगता येत नाही?

येथे खरा धोका आहे. बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे मुलगी मराठीत व्यवस्थित सांगते. पण ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ या प्रश्नाखाली जागा कोरी सोडते. तपासणाऱ्याच्या हाती फक्त कोरी जागा येते. तिला घनता समजली नाही, की वाक्य जमले नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. दोन्ही अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत. पण शेरा एकच मिळतो, ‘विज्ञान कच्चे’.

‘असर’च्या २०२३ च्या अहवालानुसार, सर्वेक्षण झालेल्या ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. ही आकडेवारी देशातील निवडक जिल्ह्यांची आहे आणि वाक्ये साधी होती. विज्ञानाच्या पुस्तकातील कर्मणी प्रयोगाची, दोन-तीन अटी जोडलेली वाक्ये त्याहून कितीतरी अवघड असतात.

मग मुले सोपी वाट धरतात आणि गाइडमधले उत्तर पाठ करतात. गुणही मिळतात. दहावीनंतर मात्र पाठांतर पुरत नाही. ‘मला सायन्स जमत नाही’ असे ठरवून शाखा बदलणाऱ्यांमध्ये भाषेमुळे हरलेली मुले किती, हे कोणत्याही निकालपत्रात दिसत नाही.

शिक्षकांना सध्या काय मदत मिळते?

राज्यात इंग्रजी शिक्षकांसाठी चांगले प्रयत्न झाले आहेत. ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्याने माध्यमिक शिक्षकांसाठी ‘एलिस’ हा उपक्रम राबवला गेला. त्यानंतर ‘चेस’ आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात टाटा ट्रस्ट्सही सहभागी होते. त्याचा भर प्राथमिक शिक्षकांवर होता. शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसून एकमेकांकडून शिकावे, ही त्यातली महत्त्वाची कल्पना.

पण या उपक्रमांच्या केंद्रस्थानी इंग्रजी विषय शिकवणारेच होते. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांची प्रशिक्षणे आशय, नवे पाठ्यपुस्तक आणि मूल्यमापन यांभोवती फिरतात. सेमीच्या वर्गावर उभे राहणारे अनेक शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. त्यांचा विषय पक्का असतो; इंग्रजीतून सलग बोलण्याचा आत्मविश्वास प्रत्येकाकडे असतोच असे नाही. ही उणीव उघड बोलायला ते कचरतात, कारण तिची नोंद दोष म्हणून होईल अशी भीती असते.

तत्त्व कागदावर मान्य आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या दोन वर्षांच्या बीएड आराखड्यात प्रत्येक विषयातील भाषेवर स्वतंत्र अभ्यासघटक आहे. दोन वर्षांचे बीएड २०१५ पासून लागू झाले. त्याआधी पदवी घेतलेल्या शिक्षकांपर्यंत हा विचार कोण पोहोचवणार, हा प्रश्न उरतोच.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ हा खटला गाजला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या सुमारे १८०० मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान संधी मिळाली असे होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. आज कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणारी मुले वर्गात असतील, तर विज्ञान-गणिताच्या शिक्षकालाही त्यासाठीची विशेष पात्रता घ्यावी लागते.

तिथली आणि इथली परिस्थिती सारखी नाही. तेथे वर्गात काहीच मुलांना इंग्रजी नवी असते, येथे बहुधा संपूर्ण वर्गाला. तेथील शिक्षकाला मुलांची भाषा क्वचितच येते. येथील शिक्षकाला ती उत्तम येते. ही आपली जमेची बाजू आहे.

नेमकी कोणती मदत हवी?

पहिली गरज वेळेची. विज्ञान, गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एक सामाईक तासिका मिळावी. पुढच्या धड्यातील शब्द, अवघड वाक्ये आणि उत्तरात लागणारी वाक्यरचना तिघांनी मिळून काढावी. ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’, ‘डिफाइन’ या आज्ञांत काय अपेक्षित आहे, हे इंग्रजीच्या तासालाही शिकवता येते.

दुसरी गरज वर्गातल्या मदतीची. दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा सहकाऱ्याने तास पाहून सुचवलेली एक सुधारणा अधिक उपयोगी पडते. अट एकच, तिची नोंद गोपनीय अहवालात होऊ नये.

तिसरी गरज साहित्याची. बालभारतीची पुस्तके दोन्ही भाषांत आहेत. त्यांच्या आधारे धड्यागणिक शब्दसूची आणि अर्धवट वाक्यांचे नमुने राज्य पातळीवर एकदाच तयार झाले, तर प्रत्येक शिक्षकाला ते रात्री जागून करावे लागणार नाहीत.

चौथी गरज तपासणीतील मोकळीकीची. किमान घटक चाचणीत आशयाचे आणि भाषेचे गुण वेगळे पाहिले, तर विद्यार्थी कुठे अडला हे शिक्षकाला कळेल.

मराठी वापरली तर इंग्रजी कच्चे राहील?

ही भीती शाळांत मोठी आहे. काही ठिकाणी सेमीच्या तासाला मराठी बोलणे कमीपणाचे मानले जाते. पण कल्पना मराठीत पक्की करून ती इंग्रजीत मांडायला शिकवणे आणि संपूर्ण तास मराठीत घेऊन शेवटी इंग्रजी उत्तर उतरवून देणे, यांत फरक आहे. पहिल्यात मुले दोन्ही भाषा कमावतात, दुसऱ्यात फक्त वही भरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विज्ञान आणि गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तकांचा आग्रह धरला आहे.

मग अडते कुठे?

शिक्षकांवर आधीच निवडणूक कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा भार आहे. त्यात आणखी एक काम नको, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच ही मदत जादा काम म्हणून लादता कामा नये. धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. त्यातले काही तास शाळेतल्या सामाईक तासिकेसाठी आणि एकमेकांचे वर्ग पाहण्यासाठी धरले, तर नवी योजना किंवा मोठा निधी लागणार नाही.

सेमीचा वर्ग सुरू करायला शाळा परवानगी मागते, तेव्हा तिला शिक्षकांच्या पात्रतेबरोबर आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : या शिक्षकांना इंग्रजीतून शिकवण्यासाठी दर आठवड्याला तुम्ही कोणती मदत देणार? उत्तर नसेल, तर त्या वर्गाचे ओझे शेवटी तेरा वर्षांच्या मुलांवर पडते.