आधी मागे फिरायला शिकवा!

गेल्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले होते. आमच्या टीममधली नवीन मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "सर, माझं तीन दिवसांचं काम गेलं."

झालं असं, की कुठेतरी वाचलेली 'गिट रिसेट हार्ड' कमांड तिने जशीच्या तशी चालवली आणि पाच कमिट गायब! सोमवारी डेमो. दोन तास ती कुणाला न सांगता एकटीच झगडत होती. खरं सांगू? मला ते दोन तास जास्त लागले. कारण नवीन लोकांना देतो तो गिटचा कागद मीच बनवलाय. क्लोन, ऍड, कमिट, पुल, पुश. सगळं पुढे जायचं. मागे कसं फिरायचं, याची एक ओळ नाही!

मी 'गिट रिफ्लॉग' टाईप केलं. आपण कुठून कुठे गेलो, याची नोंद गिट आपल्याच मशीनवर ठेवतं. रिसेटच्या आधीच्या कमिटचा नंबर सापडला, त्यावर नवीन ब्रांच काढली आणि पाचही कमिट परत! दुपारी लिहिलेला, ना ऍड ना कमिट केलेला कोड मात्र गेला तो गेलाच. गिटने तो कधी पाहिलाच नव्हता.

गंमत इथेच आहे. गिट कमिट सहजासहजी फेकत नाही. कुठल्याच ब्रांचवर नसलेल्या कमिटची रिफ्लॉगमधली नोंदसुद्धा डीफॉल्टने ३० दिवस टिकते. पण हे माहीत नसलेला माणूस घाबरतो, घाबरला की दोन-दोन दिवस कमिट करत नाही, आणि नेमकं तेच काम गिटला वाचवता येत नाही. म्हणजे नुकसान चुकीपेक्षा भीतीच जास्त करते.

"चुकल्याशिवाय शिकत नाहीत" असं आमचे सीनियर म्हणतात. मान्य. पण विहिरीत पोहायला शिकवतानाही आधी पाठीला डबा बांधतातच ना?

म्हणून माझं मत: पुश शिकवण्याआधी या तीन गोष्टी शिकवा. फाईलमधला बदल नकोसा झाला तर 'रिस्टोअर' (२०१९ मध्ये आलेली कमांड, जुन्या चेकआऊटपेक्षा समजायला सोपी; पण तो बदल कायमचा जातो, हेही सांगा). पुश झालेला कमिट चुकला तर 'रिव्हर्ट', कारण ते इतिहास न पुसता उलटा कमिट वर ठेवतं. आणि हरवलात तर 'रिफ्लॉग'.

मी कागद बदललाय. पुढच्या बॅचला पहिल्या तासात एक खोटी रिपॉझिटरी देणार, रिसेट हार्ड मारायला लावणार, आणि सगळं ज्याचं त्यालाच परत आणायला सांगणार.

डेमो झाला, बरं का! गेलेला कोड तिने शनिवारी पुन्हा लिहिला. त्या दिवशी तिचे कमिट किती होते माहितीये? अकरा.