किकेरो कीं सिसरो?

आमच्या परिचयाच्या एका घरीं परवां जेवणाच्या पंक्तीस मोठा वाद झाला. आजोबांनीं बोलतां बोलतां 'सिसरो' म्हटलें, महाविद्यालयांत जाणाऱ्या नातीनें तत्काळ दुरुस्त केलें, "आजोबा, किकेरो म्हणायचें असतें!" साठ वर्षें तोंडांत बसलेला उच्चार सर्वांदेखत चुकीचा ठरलेला कोणास रुचेल? आजोबा पानावरून उठले नाहींत, पण पुढें बोललेही नाहींत. निवाडा आम्हांकडे आला आहे. तो उभय पक्षांस पुरता मानवेल असें मात्र नाहीं.

प्राचीन रोमकर त्या थोर वक्त्यास 'क'कारानेंच हांक मारीत, यांत संशय नाहीं. त्यांचे उच्चार कोणाच्या कानांनीं ऐकले, असें आजोबा विचारतील. ऐकले नाहींत, पण साक्षी पुष्कळ आहेत. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क त्याचें नांव 'किकेरोन्' असें लिहितो. लॅटिनमध्यें शंभरास 'केन्तुम्' म्हणत. सार्डिनिया बेटाच्या कांहीं भागांत तें अद्याप 'केंतु' आहे. सीझरास ग्रीक 'काइसार' म्हणत. त्यांतूनच पूर्वेकडे 'कैसर' आला. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीच्या दरबारांत व्हिक्टोरिया राणीची 'कैसर-इ-हिंद' ही पदवी जाहीर झाली. म्हणजे जुन्या रोमन उच्चाराची खूण आपल्या पूर्वजांच्या कानीं पडलीच होती. शाळेंत मात्र ते सीझर घोकीत!

मग 'सिसरो' आला कोठून? साम्राज्याच्या पडत्या काळांत 'इ' आणि 'ए' यांपूर्वींचा 'क' मऊ होत गेला. इटलींत त्याचा 'च' झाला, फ्रान्सांत 'स', आणि इंग्रजांनीं फ्रेंचांचा कित्ता गिरविला. प्रत्येक देश लॅटिन आपल्याच वळणानें वाचूं लागला. या गोंधळावर एरॅस्मस या पंडितानें १५२८ मध्यें एक संवादच लिहिला. तेव्हां आजोबांचा उच्चार ही चूक नव्हे. तो इंग्रजी शाळांतून आलेला एक संप्रदाय आहे.

आतां नातीकडे वळूं. लॅटिन पद्य आपल्या वृत्तांप्रमाणेंच लघुगुरूंवर चालतें. 'मलुम्' म्हणजे वाईट, 'मालुम्' म्हणजे सफरचंद. रोमन लिपींत दोन्ही सारखींच दिसतात, देवनागरींत भेद आपोआप उमटतो. शब्दांतील आघातही गुरूवरच अवलंबून. तीन वा अधिक अक्षरांच्या शब्दांत शेवटून दुसरें अक्षर गुरु असेल तर आघात त्यावर, नसेल तर त्याच्या मागील अक्षरावर. परंतु लॅटिनांत ऱ्हस्व 'ए' आहे आणि आपल्या लिपींत त्यास चिन्ह नाहीं. म्हणून 'किकेरो' असें वाचणारा मराठी माणूस 'के' लांबवितो. वस्तुतः तो ऱ्हस्व आहे, आघात 'कि'वर आहे. नातीनें 'के' चांगला लांबविला होता, असें पंक्तीस बसलेल्या एका साक्षीदाराकडून कळतें.

शब्दान्तींचा 'म्' देखील असाच फसवा. तो पुरता उच्चारीत नसत. बहुधा स्वर नाकांतून निघे, आणि पुढें स्वर आला तर पद्यांत तें अक्षर गळूनच जाई. 'केलें', 'झालें' यांवरील जुन्या वळणाचा अनुस्वार आठवावा, म्हणजे लिहिलेलें आणि बोललेलें यांतील हें अंतर आमच्या वाचकांस नवें वाटणार नाहीं.

आमचें मत असें कीं, लॅटिन काव्य वा मूळ ग्रंथ वाचतांना जुना उच्चार ठेवावा. न्यायालयांत 'हेबियस कॉर्पस'ऐवजीं 'हाबेआस कोर्पुस' मागणाऱ्या वकिलाचा पक्षकार तुरुंगांतच राहावयाचा! पंक्तीस 'सिसरो' चालावा.

उच्चारावरून हंसण्याची खोड मात्र फार जुनी. एका ग्रीक साक्षीदारास 'फुन्दानियुस' या नांवाचें पहिलें अक्षर साधेना, म्हणून एका वकिलानें त्याची थट्टा केल्याचें क्विन्तिलियानुस सांगतो. तो वकील म्हणजे हाच आपला किकेरो. ही गोष्ट आजोबांनीं नातीस अवश्य सांगावी. मात्र ताकभात संपल्यावर.