दस्तक द्या, मग जेवा

जहाजावर चांगलं जेवायचं असेल तर जहाज लहान हवं, हे म्हणणं बरोबर आहे. पण लहान आणि महाग जहाज घेतलं की जेवण आपोआप चांगलं मिळतं, हे साफ चूक आहे. माझ्या ऑफिसच्या ट्रिप ग्रुपवर सध्या याच दुसऱ्या समजुतीवर लाखाच्या घरातले बेत ठरतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी बरोबर असलेला भाग घेऊ. २०२४ मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर साडेसात हजार प्रवासी मावतात. इतक्या लोकांना रोज तीन-चारदा खायला घालायचं तर मेन्यू खूप आधी ठरवावा लागतो, बराचसा माल गोठवलेला येतो आणि पदार्थ घाऊक शिजतात. यात आचाऱ्यांचा दोष नाही, प्रश्न स्केलचा आहे. सहा-सातशे प्रवाशांच्या जहाजावर एकेक ताट ताजं लावता येतं. 'ओशनिया'ची सुरुवातीची जहाजं या आकाराची आहेत आणि कंपनीची जाहिरात जेवणावरच चालते. 'सिल्व्हरसी'ने 'सॉल्ट' नावाचा उपक्रम काढला. त्यात जहाज ज्या प्रदेशात फिरतं तिथले पदार्थ जेवणात येतात आणि प्रवाशांना ते शिकवलेही जातात. श्रीमंतांचे चोचले म्हणा हवं तर, पण कल्पना पक्की आहे. लहान जहाज लहान बंदरापाशी थांबू शकतं, हा त्याचा खरा फायदा. ते थांबणारच नसेल, तर आपण फक्त कमी खुर्च्यांच्या बुफेचे जास्त पैसे देतो.

आता आपल्या दारातलं उदाहरण. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झालं. १०४ खोल्या, चारशेच्या आसपास प्रवासी, म्हणजे नेमका हवा तो आकार. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी गोव्याला उतरायचं. मधला रायगडचा किनारा, म्हणजे खांदेरी-उंदेरी, कुलाबा, कोर्लई, पद्मदुर्ग, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हे सगळं बहुतेक काळोखात मागे पडायचं. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं, मगच पुढे जावं, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांशी त्यांचं जे वाजलं त्यात हे मोठं कारण होतं. त्यांचंच नाव लावलेलं जहाज मात्र अलिबागला न थांबता जात होतं. आज 'आंग्रिया' त्या मार्गावर नाही. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चं 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागलं, ते तर याच्या कित्येक पट मोठं.

मी मुरुड तालुक्यातला. पुण्यात कोड लिहितो. एकदा अशाच एका 'प्रीमियम' जहाजावर 'कोकण कोस्ट प्लॅटर' मागवलं, तर ताटात बासा आला. बासा हा मूळचा मेकाँगच्या खोऱ्यातला, गोड्या पाण्यातला मासा. फोनवर लोकेशन पाहिलं तर आम्ही मुरुडच्या समोर होतो. वाढणारा मुलगा श्रीवर्धनचा निघाला. तो हळूच म्हणाला, "दादा, स्टाफच्या जेवणात आज सुकट आहे."

म्हणजे जहाजावर कोकण होतं, फक्त ते तिकीट काढणाऱ्यांच्या ताटात नव्हतं.

ताटात काय येऊ शकलं असतं? पेण-अलिबागच्या खारेपाटात शेताजवळच्या तळ्यांत वाढवलेला जितडा. त्याची चव माहीत असलेला माणूस सुरमईकडे बघत नाही. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ज्याच्या माळा लोक खास गाडी थांबवून घेतात. थंडीतली पोपटी: माठात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवी तर अंडी किंवा कोंबडी, आणि बाहेरून जाळ. पाणी नाही, तेल नाही. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असं सांगणाऱ्या बेने इस्रायलींचा मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. कोर्लईत तर एक वस्ती आजही पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली बोलते. जगातली कुठलीही 'फूड क्रूझ' एवढ्या शंभरेक किलोमीटरसाठी आठवडाभराचा कार्यक्रम आखेल. आपण तेवढ्या वेळात डीजे ऐकतो.

यावर तीन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात.

पहिला, स्वच्छतेचा. जहाज कुणाकडूनही मासळी घेऊ शकत नाही, हे मान्य. मग बर्फ, शीतपेट्या, एफएसएसएआयची नोंदणी आणि पक्कं बिल, एवढी सोय कोळणींच्या एखाद्या सहकारी संस्थेला करून द्या. गोठवलेला बासा परदेशातून आणण्यापेक्षा हे काम सोपं आहे.

दुसरा, धक्क्यांचा. मोठं जहाज लागेल असे धक्के इथे फारसे नाहीत. पण कोकणातल्या जुन्या आगबोटी कित्येक ठिकाणी खोल पाण्यातच उभ्या राहायच्या आणि पडाव येऊन माणसं, बोचकी उतरवून न्यायचे. आज जगभरची क्रूझ जहाजं आपल्या छोट्या बोटींनी हेच करतात. या समुद्राला हलक्यात घ्या, असं मी म्हणत नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ते या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. पण क्रूझचा हंगाम पावसाळ्यानंतरचा असतो. समुद्र शांत असतो आणि वाल, कांदा, बोंबील यांचे दिवसही तेव्हाच येतात.

तिसरा आक्षेप, लोकांना पापलेट-सुरमईच हवी असते. हा मला सगळ्यात जास्त खटकतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवलं. अंडी घालण्याआधीच लहान पापलेटं जाळ्यात जातात, ही मच्छीमारांचीच जुनी तक्रार. प्रत्येक मेन्यूवर तेच दोन मासे हवेत असा हट्ट धरला, की किनाऱ्यावर लहान मासाही विकला जाणार. मांदेली, बोंबील, मुडदुशी, जवळा हे नीट रांधून वाढणं हीच तर चांगल्या आचाऱ्याची परीक्षा. महागड्या तिकिटात निदान तेवढं कौशल्य तरी मिळावं.

तेव्हा बुकिंगआधी कंपनीला फोन करा आणि चार गोष्टी विचारा. मासे कुठल्या बंदरातून घेता? मेन्यू रोज लिहिता की हंगामाच्या सुरुवातीलाच छापता? मधल्या किनाऱ्यावर दिवसाउजेडी किती तास थांबता? तिथल्या कुणाला पैसे मिळतात? उत्तरं गुळमुळीत आली तर ती बोट कितीही लहान असो, सोडून द्या.

आणि तोवर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा. तासाभरात पोचते. पुढे बाजारात जाऊन कोळणीला विचारा, "मावशी, आज काय ताजं आहे?" ती सांगेल ते घ्या. भाव फार पाडू नका.