जुन्या जिप्सीला मोठे टायर लावताय? आधी हे गणित पाहा

कारधा (भंडारा) : वैनगंगेकाठच्या कारध्यापासून कोका अभयारण्य जवळच आहे. जंगल सफारीत आजही जुन्या जिप्सी धावतात. २०१९नंतर नवी जिप्सी मिळत नसल्याने आहे तीच गाडी मोठे टायर लावून दणकट करण्याचा मोह होतो. पण त्याचा फायदा किती?

उंची किती वाढते?
समजा, गाडीला २०५/७० आर१५ टायर आहेत. त्यांचा व्यास ६६८ मिमी. २३५/७५ आर१५चा सुमारे ७३४ मिमी. फरक ६६ मिमी. पण गाडी उचलली जाते निम्मीच, म्हणजे ३३ मिमी.

तोटा काय?
एका फेरीत चाक सुमारे १० टक्के जास्त अंतर कापते. मीटरवर ६० दिसते तेव्हा खरा वेग ६६च्या आसपास असतो. इंजिनाची ओढ कमी पडते, ब्रेकवर ताण येतो. वळताना टायर घासू शकतो. गाडीत पर्यटक असताना हा धोका मोठा.

नियम काय?
मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

मग पर्याय?
कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या आकारातच खोल नक्षीचे 'ऑल टेरेन' टायर घ्यावेत. चिखलात पकड येते ती मुख्यतः नक्षी आणि हवेच्या योग्य दाबामुळे. चारही टायर एकाच आकाराचे हवेत, स्टेपनीही तशीच. अन्यथा फोर व्हील ड्राइव्हच्या गिअरवर ताण येतो.