विश्लेषण : होळकर महाराजांनी गादी खरेच प्रेमासाठी सोडली?

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर आणि नॅन्सी मिलर यांची गोष्ट बहुतेक वेळा ‘प्रेमासाठी राज्य सोडणारा राजा’ अशीच सांगितली जाते. फेब्रुवारी 1926 मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली, हे खरे. नॅन्सी या अमेरिकी तरुणीशी त्यांनी लग्न केले, हेही खरे. पण ते मार्च 1928 मध्ये, गादी सोडल्याला दोन वर्षे झाल्यावर. ब्रिटनच्या आठव्या एडवर्ड यांनी 1936 मध्ये वॉलिस सिम्पसन यांच्याशी लग्न करता यावे म्हणून मुकुट सोडला. इंदूरची गोष्ट त्याच साच्यात बसवली, की मधले एक नाव गळते : मुमताज बेगम.

गादी का सोडावी लागली?

मुमताज इंदूर दरबारातल्या नर्तकी. इंदुरात झालेल्या आपल्या मुलीला परिचारिकांनी मारले, त्यानंतर तिथे राहायची इच्छा उरली नाही, असे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. तिथून निसटून त्या मुंबईत अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याकडे राहू लागल्या. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवली गेली. बावला गोळीबारात ठार झाले, मुमताज यांच्या चेहऱ्यावर वार झाले. योगायोगाने तिथून जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून त्या वाचल्या.

तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले. मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. त्यात एका आरोपीचे वकील बॅरिस्टर जिना होते. तिघांना फाशी सुनावली गेली. महाराज मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच आले नाहीत. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असे सरकारने सांगितले. त्यांनी गादी मुलाला, यशवंतरावांना दिली. निघून गेलेल्या बाईला परत आणण्यासाठी माणसे पाठवली जातात, त्याला प्रेम म्हणायचे का? आम्हाला तरी ते पटत नाही.

लोकांनी काय पाहिले?

खटला गाजला. त्यावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट 1925 मध्येच आला. एका बाजूला संस्थानिकांच्या मनमानीचा संताप, दुसऱ्या बाजूला परक्या सरकारने देशी राजाला पायउतार केल्याचा सल. तीन वर्षांत विषयच पालटला. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नॅन्सी यांची शुद्धी केली, त्या शर्मिष्ठादेवी झाल्या आणि वाद पेटला तो जातीचा, धर्माचा, गोऱ्या सुनेचा. वाद दोन्ही वेळी झाला; पण लोकांच्या आठवणीत लग्न राहिले.

राजघराण्यातल्या प्रेमाची एक गोष्ट रत्नागिरीतही आहे. ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा यांच्या थोरल्या राजकन्येने राजवाड्यावरचे दरवान गोपाळ सावंत यांच्यावर प्रेम केले. सावंत विवाहित होते. राजकन्येकडे सोडायला राज्य उरले नव्हते, होती ती घराण्याची प्रतिष्ठा, आणि तीच गेली. त्यांना मुलगी झाली. पुढे राजकन्या रत्नागिरीतच गरिबीत राहिल्या आणि 1947 मध्ये इथेच वारल्या. तुकोजीराव 1978 मध्ये पॅरिसला वारले, महाराज म्हणूनच.