१८९३ सालचा जमाखर्च

शहाणा व्यापारी पाडव्यास नव्या वहीची पूजा करण्यापूर्वी जुनी वही एकवार चाळतो. कोणते येणे बुडाले आणि कोणते देणे अद्याप अंगावर आहे, हे ताडून पाहिल्यावाचून तो नव्या पानावर ‘श्री’ घालीत नाही. राष्ट्रांनीही अधूनमधून असेच करावे असे आम्हांस वाटते. म्हणून आज आम्ही १८९३ सालची वही उघडीत आहोत. त्या सालातील दोन प्रसंग आमच्या वाचकांस तोंडपाठ आहेत. जूनमध्ये नाताळ वसाहतीतील मॅरिट्सबर्ग स्टेशनावर तरुण बॅरिस्टर गांधींस पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही गाडीतून खाली उतरविले गेले. सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. या दोहोंचे स्मरण होते ते योग्यच आहे. परंतु त्याच वहीत आणखी चार रकमा आहेत. आणि त्या एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या म्हणजे जो हिशेब निघतो, तो आजही चुकता झालेला नाही.

पहिली रकम चांदीची. तोवर कोणाही सावकारास आपली चांदी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत नेऊन, थोडीशी घडणावळ देऊन, तिचे रुपये पाडून घेता येत असत. २६ जून १८९३ रोजी कायदा करून सरकारने ही वाट बंद केली. कारण उघड होते. जगात चांदीचा भाव उतरत होता, रुपयाची हुंडणावळ दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरली होती, आणि विलायतेस पाठवावयाची रकम मात्र सोन्यात भरावी लागत होती. टांकसाळ बंद होताच रुपया आणि चांदी यांची फारकत झाली. रुपयाचा भाव कालांतराने सोळा पेन्सांवर टेकविण्यात आला. परंतु ज्या कुणब्याची सारी पुंजी बायकोच्या अंगावरील चांदीच्या दागिन्यांत होती, त्याची चांदी नुसती चांदीच राहिली. उलट त्याच साली युरोपीय अधिकाऱ्यांस हुंडणावळीतील तोट्याबद्दल भत्ता मंजूर झाला! ज्यांची पुंजी घटली त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. ज्यांस भत्ता मिळाला त्यांचा आवाज मात्र विलायतेपर्यंत पोचत होता.

दुसरी रकम ठरावाची. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने १८९२ साली पार्लमेंटात निवडून गेलेले दादाभाई नौरोजी यांच्या व त्यांच्या स्नेह्यांच्या खटपटीने, २ जून १८९३ रोजी कॉमन्स सभेने सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा विलायतेत व हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. येथे मोठा आनंद झाला. पुढे प्रांतिक सरकारांचे अभिप्राय मागविण्यात आले, मद्रासखेरीज सर्वांनी प्रतिकूल मत दिले आणि ठराव दप्तरी दाखल झाला. ती परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर प्रथम झाली ती १९२२ साली अलाहाबादेस. हुंडी लिहिली गेली १८९३ साली. वटली एकोणतीस वर्षांनी. त्या अवधीत किती हुशार तरुणांची उमर टळून गेली असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तिसरी रकम हवाई बेटांची. त्या बेटांतील मूळ लोकांचा मताधिकार १८८७ च्या राज्यघटनेने आकुंचित केला होता. तो पूर्ववत करण्याचा विचार राणी लिलिउओकलानी हिने करताच, १७ जानेवारी १८९३ रोजी तेरा जणांच्या एका मंडळाने तिचे राज्य खालसा केले. या मंडळाच्या पाठीशी साखरेच्या धंद्यातील धनिकांचे बळ होते, आणि आदल्याच दिवशी अमेरिकेच्या लढाऊ जहाजावरून दीडशेहून अधिक शिपाई होनोलुलूस उतरले होते. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करविली, अन्याय झाल्याचे कबूल केले. परंतु राणीस गादी मिळाली नाही. १८९७ साली हवाईच्या एकवीस हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांनी विलीनीकरणाच्या विरोधात अर्जावर सह्या केल्या. त्यायोगे तो तह अडला. परंतु पुढच्याच वर्षी साध्या ठरावाने बेटे अमेरिकेस जोडून टाकण्यात आली, कारण तो ठराव करणाऱ्या सभागृहात हवाईच्या रहिवाशांचे एकही मत नव्हते. अमेरिकेच्या काँग्रेसने याबद्दल क्षमा मागितली ती १९९३ साली, बरोबर शंभर वर्षांनी.

चौथी रकम मात्र जमेची आहे, आणि ती विस्ताराने सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमध्ये दारूबंदीच्या चळवळीत पडलेल्या बायकांच्या ध्यानात आले की, नवरा पगार गुत्त्यात ओतून येतो याचे दुःख आपण भोगावे, पण गुत्त्याचा कायदा करणारे निवडण्यात आपणांस भाग नसावा, हा न्याय नव्हे. केट शेपर्ड या बाईंच्या पुढारीपणाखाली त्यांनी १८९१ साली नऊ हजारांवर सह्यांचे अर्ज केले. ते फुकट गेले. १८९२ साली सुमारे वीस हजार सह्या जमविल्या. त्याही फुकट गेल्या. १८९३ साली सुमारे बत्तीस हजार सह्या झाल्या. मुख्य अर्जाचे कागद एकास एक चिकटवून झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळले होते. ती गुंडाळी सर जॉन हॉल यांनी सभागृहाच्या जमिनीवर उलगडून दाखविली. दारूवाल्यांनी उलट अर्ज केले. मुख्य प्रधान सेडन यांनी आतून खोडा घालून पाहिला. परंतु ८ सप्टेंबरास वरिष्ठ सभेत बिल वीस विरुद्ध अठरा मतांनी पार पडले आणि १९ तारखेस गव्हर्नरची सही झाली. स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देणारा हा जगातील पहिला स्वतंत्र कारभाराचा देश ठरला.

“बायका मत देण्यास येणारच नाहीत,” असे भाकीत पुष्कळांनी केले होते. निवडणुकीस दहा आठवडेच उरले होते. तेवढ्यात १,०९,४६१ स्त्रियांनी यादीत नावे घातली आणि त्यांपैकी ९०,२९० जणींनी मत दिले. कोणी म्हणेल, तो गोऱ्या वसाहतवाल्यांचा देश, तेथील कौतुक आम्हांस काय? माओरी लोकांच्या जमिनी तेथे कशा गेल्या हे आम्ही विसरलो नाही. परंतु या कायद्याने माओरी स्त्रीसही मत मिळाले, हेही खरे आहे. आणि ते कोणाच्या दयेने मिळाले नाही. दोनदा नकार मिळाल्यावर तिसऱ्यांदा दारोदार फिरून आणलेल्या सह्यांनी मिळाले.

आता आपल्या घरची वही पाहू. टांकसाळ बंद झाली तेव्हा आम्हांस विचारले नाही, परीक्षेचा ठराव कागदावरच राहिला, याबद्दल आपल्या वाडवडिलांनी टाहो फोडला, आणि तो योग्यच होता. परंतु स्वराज्य मिळाल्यावर आपण काय केले? राज्यघटनेने पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रौढ स्त्रीस मत दिले. तथापि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्यांतून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव सांगण्यास त्या तयार झाल्या नाहीत. ही बहुतेक नावे उत्तरेकडील प्रांतांतील होती म्हणून आम्ही महाराष्ट्रीयांनी मिशीस पीळ देण्याचे कारण नाही. १९९३ साली ग्रामपंचायतींत व नगरपालिकांत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखण्याच्या घटनादुरुस्त्या अंमलात आल्या. महाराष्ट्राने पुढे ते प्रमाण निम्म्यावर नेले. आणि तरीही बाईने सही करावी व नवऱ्याने खुर्चीत बसून कारभार हाकावा, असा प्रकार इतका रुळला की, त्यासाठी ‘सरपंचपती’ हा शब्दच भाषेत आला!

गावकऱ्यांस हसणे सोपे आहे; आम्हांस शहरातील पेढीवाल्यांशीच बोलावयाचे आहे. आमच्यापैकी अनेकांच्या भागीदारीच्या दस्तऐवजात, कर्जाच्या कागदांत, जागेच्या खरेदीखतात घरच्या बायकांची नावे आहेत. वकिली करताना असे कागद आमच्या हातांखालून कितीतरी गेले. बहुतेक वेळी कागद दुमडून तेवढी सहीची जागा बोटाने दाखविली जाते. ती सही कायद्यास पुरते. परंतु तिच्यामागे मत नसते. कर्ज बुडाल्यावर जप्तीची नोटीस मात्र तिच्याच नावाने येते, आणि कागद काय होता हे त्या बाईस तेव्हा प्रथम कळते. आम्हांस न विचारता आमच्या चांदीची किंमत ठरविणाऱ्या सरकाराहून आमचे हे वर्तन कोणत्या बाबतीत निराळे आहे, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे.

तात्पर्य, या चार रकमांचा मेळ एवढाच की, ज्याचे मत मोजले जात नाही त्याचे नुकसान कोणाच्याच खात्यात लिहिले जात नाही. न्यूझीलंडच्या बायकांनी सही करण्यापूर्वी ती कशासाठी हे जाणले होते, म्हणून त्यांच्या सहीचे मत झाले. आमच्या वाचकांनी आज रात्री घरी गेल्यावर कपाटातील कागद काढावेत, ज्या ज्या कागदावर घरच्या स्त्रीची सही आहे तो तिच्यापुढे ठेवावा आणि आरंभापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावा. तिने काही शंका काढल्यास तिचे उत्तर द्यावे. उत्तर नसल्यास तो कागद बदलावा. पार्लमेंटाने हुंडी एकोणतीस वर्षे अडविली म्हणून जे रागावतात, त्यांनी आपल्या घरची हुंडी तरी मुदतीत वटवावी.