गडचिरोलीचा दवाखाना आणि आपली जमात

आमच्या किन्हीराजासारख्या गावात जमातची बैठक बसली की कब्रस्तानची भिंत, मदरशाचं छत, इज्तेमाची वर्गणी यावर तासन्‌तास बोलणं होतं. मध्येच कुणी एखाद्या पोराच्या नशेचा किंवा एखाद्या घरातल्या मारहाणीचा विषय काढला, तर दोनच उत्तरं ठरलेली. पोलिसांना कळवा. नाहीतर मौलानांना सांगा, जुम्म्याच्या बयानात दोन शब्द बोलतील. बयान होतं. तो पोरगा मागच्या सफमध्ये बसलेला असतो, सलाम फिरला की चपला घालून निघून जातो. मार खाणारी बाई तर मस्जिदीत नसतेच.

या प्रश्नावर मला काही शिकायचं असेल तर मी मुंबईकडे नाही, गडचिरोलीकडे बघतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली आहे आणि आपला वाशिमही. मागासलेपणाच्या कागदावर आपण एकाच रांगेत आहोत. पण आरोग्य आणि सुरक्षितता आपल्या पद्धतीने कशी घडवून घ्यायची, यात तिथले गोंड आदिवासी आपल्या कितीतरी पुढे आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारलं, की तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही? लोक म्हणाले, इमारत फार मोठी असते, आत बुजायला होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्या कापडात तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. आजाऱ्याला एकटं ठेवून घेतात, घरच्यांना बाहेर काढतात. (कफनाचा रंग आपल्याकडेही तोच आहे, पण आपल्याला हे कुणी कधी विचारलं नाही.) मग शोधग्राममधला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा, झोपड्यांचा बांधला गेला. नातेवाईक सोबत राहू शकतील अशी सोय झाली. नाव दिलं त्यांच्या देवीचं: माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या जत्रेत गावोगावचे लोक जमतात, आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडतात आणि आधी कशावर काम करायचं ते सांगतात.

औषधं तीच, इंजेक्शनं तीच. फरक इतकाच, की दवाखाना आपला आहे असं आजाऱ्याला वाटू लागलं.

बायकांच्या बाबतीत तर हा फरक जीवनमरणाचा आहे. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या स्त्रियांचा बंग दाम्पत्याने केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं आणि बहुतेकींची त्याआधी कधी तपासणीच झालेली नव्हती. डॉक्टर दूर होता हे एक कारण. ज्या जागी हे बोलता येईल अशी जागाच नव्हती, हे त्याहून मोठं. पुढे सर्चने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं. ज्या ३९ गावांत हे काम झालं तिथला बालमृत्यूदर हजारी १२१ होता, तो २००३ पर्यंत ३० वर आला. आज आपल्या मोहल्ल्यात बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई येते ना, ती पद्धत या कामातूनच देशभर गेली. म्हणजे गडचिरोलीच्या बायांनी उभं केलेलं काहीतरी किन्हीराजाच्या उंबऱ्यापर्यंत आधीच येऊन पोचलेलं आहे.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असेल तर बोलणं चालू राहतं. तिथल्या दारूबंदीच्या मागे बायांचा आग्रह होता. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जवळपास १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. आपल्या कुराणात बेचाळिसाव्या सुऱ्याचं नावच शूरा आहे, सल्लामसलत. नाव आपल्याकडे, वहिवाट मेंढ्यात.

इथे एक धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 'आमची पद्धत, आमचा रिवाज' ही भाषा जात पंचायतीही बोलत आल्या. वाळीत टाकणं, दंड, पोरीच्या लग्नावर पहारा हे सगळं त्याच नावाखाली चाललं, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्यातही 'घरकी बात घरमें' म्हणून तक्रार मागे घ्यायला लावणारे बुजुर्ग कमी नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, कारण जमातीत त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे. रिवाज ठरवताना ज्याला त्रास होतो तो माणूस तिथे बसलेला आहे का? मेंढ्यात तो बसतो. आपल्या बैठकीत बसत नाही. मग आपल्या बैठकीत जे ठरतं त्याला समाजाचा निर्णय म्हणायला मी तयार नाही.

कुणी म्हणेल, आदिवासींचं आदिवासींपाशी, आपल्याला त्याचं काय. आदिवासी आपल्यातही आहेत. जळगावच्या यावल, रावेर, चोपडा भागात सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. ते मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, कारण त्या यादीला धर्माची अट नाही. डॉ. पायल तडवी त्यांच्यातलीच. मुंबईत स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुलगी २२ मे २०१९ ला गेली. जातीवरून छळ केल्याचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ डॉक्टरांवर आहे, खटला कोर्टात आहे. भोवती सगळे डॉक्टर असूनही तिला सुरक्षित वाटेल अशी जागा उरली नव्हती. तिच्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांत दलित, आदिवासी संघटना पुढे होत्या. तिच्या नावाने आपल्या किती मस्जिदींत दुआ झाली, हे वाचकांनी आपापल्या गावात आठवून बघावं.

आता किन्हीराजा. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. मनाच्या त्रासासाठी आज सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पण सोयाबीन हातचं गेलेला माणूस अनोळखी आवाजाला फोन लावत नाही. आधी ओळखीचं कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

तो शेजार आपण मस्जिदीच्या आवारात देऊ शकतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांच्यासाठी मदिन्यात खुद्द नबींच्या मस्जिदीत तंबू लावला होता. सीरतच्या किताबांत त्या तंबूत शुश्रूषा करणारीचं नाव येतं, रुफैदा. एक बाई, मस्जिदीत, परक्या जखमी पुरुषांची सेवा करतेय. हे बिदअत आहे म्हणणाऱ्याने आधी मदिन्याचं उत्तर द्यावं.

माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातून एक दिवस असरनंतर आवारातली एक खोली उघडी ठेवायची. एक दिवस पुरुषांसाठी, एक दिवस फक्त बायांसाठी, आणि त्या दिवशी आत आशाताई आणि मोहल्ल्यातली शिकलेली एखादी बाजी. भाषा घरातली, दखनी म्हणा, वऱ्हाडी म्हणा. नाव लिहून घ्यायचं नाही. नशा सोडायची असेल त्या पोराला वाशिमच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत न्यायला सोबत एक जण आणि भाडं बैतुलमालमधून. मारहाण असेल तर बाईचं म्हणणं आधी, समझोता नंतर, आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर तिच्यासोबत जायचं, तिला अडवायचं नाही.

मुतवल्ली लगेच हो म्हणणार नाहीत. खोलीची किल्ली, विजेचं बिल, 'लोक काय म्हणतील' हे सगळं निघेल. बैठकीला पाच पोरं एकत्र गेली आणि सोबत दोघींच्या अम्मी आल्या, तर निदान विषय कब्रस्तानच्या भिंतीच्या आधी निघेल.